उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची साधी गोधडी घरी कशी शिवायची?

ब्लाऊज आणि ड्रेस शिवून उरलेलं दोन पिशव्या कापड साठलंय, घरात साधी मशीन आहे, हात मात्र बेताचा, तर गोधडी जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. मी नाशिकला पंचवटीत राहते. निफाडची थंडी आमच्याकडेही उतरते आणि आमच्या घरात अजून गोधडीच पांघरतात.

नवीन शिकणाऱ्या बहुतेक जणी सगळा जीव वरच्या नक्षीत घालतात. गोधडी बिघडते ती आतल्या थरांत. म्हणून वरचे तुकडे साधे चौकोनी ठेवा आणि सगळी मेहनत थर लावण्यासाठी राखा.

आधी पिशव्या ओता आणि फक्त सुती कापड बाजूला काढा. शंका आली तर कडेचा एक धागा जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि भुरभुरीत राख उरते, पॉलिस्टर वितळून कडक गुठळी होते. येवल्याच्या पैठणीचं ब्लाऊजपीस उरलं असेल तर ते यात घालू नका, जरीचे धागे टोचतात. मग सगळं सुती कापड धुऊन घ्या, कारण कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं. लाल, मरून, जांभळे तुकडे ओले करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. माझ्या पहिल्या गोधडीत लाल खणाचे चार चौकोन मी न धुता लावले होते. पहिल्याच धुण्यात शेजारचे पांढरे तुकडे गुलाबी झाले, आणि ते माझ्या सासऱ्यांच्या धोतराचे होते. रंग गेला नाही. अजून वाईट वाटतं.

पुठ्ठ्याचा साडेसहा इंची चौकोन करा आणि त्यावरून कापा, पण आडव्या-उभ्या धाग्यातच. उरेब, म्हणजे तिरका, कापलेला तुकडा ताणला जातो आणि ओळ वाकडी होते. शिवणीत सगळीकडून पाव इंच गेला की सहा इंच उरतात. आडवे 10, उभे 14, असे 140 चौकोन म्हणजे पाच बाय सात फूट, एका मोठ्या माणसाला पुरेल एवढी गोधडी. ओळी जोडण्याआधी इस्त्री करा. एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबा, खालच्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे चौकात गाठोडं होत नाही.

आत घालायला जुनेर हवं, मऊ झालेली सुती साडी. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 इंच. साडेपाच मीटरच्या साडीचे 64 इंचांचे तीन तुकडे पडतात, आणि दोन तुकडे एकाखाली एक आडवे अंथरले की एक थर होतो. म्हणजे दोन साड्यांत आतले तीन थर. तिसऱ्या साडीचे दोन तुकडे जोडून खालचं अस्तर करा. फॉल आधी उसवा.

आता खरं काम. फरशीवर अस्तर उलटं अंथरा, ताणा, कोपऱ्यांवर पाट नाहीतर भरलेले डबे ठेवा. प्रत्येक थर हाताने मध्यापासून कडेकडे निपटत घाला, वरून चौकोनांचं कापड. मग चार-चार बोटांच्या अंतराने लांब कच्चे टाके, सगळ्या गोधडीभर. इथे कंटाळा केला की पुढे चुण्या पडणारच. मग थर कायमचे जोडणारा धावदोरा. माझी आजी तो कडेने सुरू करून चौकोनात फिरत मध्यावर यायची. तिच्या हाताला सवय होती. तुम्ही मध्यापासून सुरू करा, म्हणजे सैल कापड कडेने बाहेर पडेल. ओळींत दोन बोटांचं अंतर, दोरा जाड आणि मेण लावलेला, बोटात अंगुस्तान. मशीनवर करायचं तर 18 नंबरची सुई आणि मोठा टाका, पण एवढी मोठी गुंडाळी घरगुती मशीनखाली फिरवणं फार जड जातं. मी हातानेच करते, दुपारी थोडी थोडी, दोन-तीन महिने लागतात.

शेवटी कच्चे टाके उसवा आणि आतले थर वरच्या कापडाच्या कडेला कापा. अस्तर चारी बाजूंनी दीड इंच जास्त ठेवा, तेच दोनदा पुढे दुमडून शिवलं की गोट तयार. वेगळी पट्टी लागत नाही.

धुतल्यावर ती फार जड होते, पिळायला दोघी लागतात. पूर्वी नवरात्राआधी घर आवरताना बायका गोधड्या धुवायला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, न्यायच्या. मी गच्चीत कडक उन्हात आडवी वाळवते, दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने टाके ताणतात.

पण सुरुवात दुपट्याने करा. आडवे 6, उभे 7 चौकोन, आत एकच मऊ थर, हाताची सवय होते आणि काम पंधरा दिवसांत संपतं. दोन पिशव्यांतून 42 सुती चौकोन निघतात का, ते आधी मोजा.