टॉलस्टॉयची रशियन कादंबरी ‘वॉर अँड पीस’ पन्नास पानांपुढे सरकत नाही, नावांचा गोंधळ होतो. संक्षिप्त आवृत्ती वाचली तर चालेल का?

नाही चालणार.

नावांची तक्रार तर मराठी माणसाने करूच नये. रशियनांचं मधलं नाव वडिलांचं, ही तर आपलीच रीत. कादंबरीच्या नायिकेचं नताशा हे घरातलं नाव. कागदोपत्री ती नताल्या इल्यिनिच्ना, म्हणजे इल्याची लेक. आपल्याकडे घरोघरी एक बाळ आणि एक ताई असतेच, त्यांची खरी नावं पत्रिकेवरच कळतात.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून इंग्रजी भाषांतर आणलं. त्यांचा डोळा लागला की दहा पानं. सुरुवातीलाच १८०५ सालची पीटर्सबर्गची बैठक आणि तोंडी फ्रेंच. तिथे मीही आठवडाभर अडकले. भावजी म्हणायचे, “वहिनी, संक्षिप्त घ्या, गोष्ट तीच आहे.” सासूबाई मात्र जाग आली की विचारायच्या, “त्या नताशाचं जमलं का गं कुठे?” मग मी वाचलेलं मराठीत सांगायचे.

पाचव्या महिन्यात कादंबरीचा नायक, उमराव पिएर, फ्रेंचांच्या कैदेत सापडला. डोळ्यांदेखत माणसांना गोळ्या घातलेल्या, त्याचा कशावरच विश्वास उरलेला नाही. अंधारात शेजारचा प्लातोन नावाचा शिपाई त्याला भाजलेला बटाटा देतो. पिएर तसाच खायला लागतो. प्लातोन म्हणतो, असा नाही. चाकू काढून तळहातावरच बटाट्याचे दोन सारखे भाग करतो, चिंधीतलं मीठ भुरभुरतो. इतकं चवदार आपण कधी खाल्लंच नव्हतं, असं त्या उमरावाला वाटतं.

हे सांगून झालं तर सासूबाई म्हणाल्या, “मलाही एक भाजून दे.” कित्येक दिवस पेजेखेरीज काही घेत नव्हत्या. मी गॅसवर भाजला, मीठ लावलं. अर्धा खाल्ला त्यांनी.

पुढे भावजींची ती संक्षिप्त प्रत मुद्दाम चाळली. त्यात एवढंच: पिएरला कैदेत एक साधा शिपाई भेटतो. बटाटा नाहीच.

हां, शेवटच्या उपसंहारातलं इतिहासाचं विवेचन मलाही जड गेलं, ते मागाहून वाचलंत तरी चालेल. लढायांची प्रकरणंही पहिल्या खेपेला भराभर वाचा. पण पुस्तक अख्खंच आणा. आणि भावजी, तुम्ही हे वाचत असाल तर माझी प्रत कपाटात आहे, घेऊन जा.