वाचकांचे प्रश्न : पुराआधीचे निर्णय

पावसाळा तोंडावर असताना आपत्तीच्या तयारीविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक नदीकाठच्या गावांतून आणि शहरांतून आली. म्हणून या वेळचे सदर पूर आणि पुरामुळे घरावर ओढवणारी संकटे यांपुरतेच ठेवले आहे.

प्रश्न : आमचे घर सांगलीत नदीपासून जवळ आहे. मामंजी 81 वर्षांचे आहेत आणि सासूबाई अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळून आहेत. 2005 च्या पुरात पाणी आमच्या पायरीला लागून ओसरले होते. त्यामुळे 2019 मध्ये मामंजी घर सोडायला तयार झाले नाहीत आणि शेवटी आम्हा सर्वांना माडीवरून बोटीत उतरावे लागले. तरीही दर पावसाळ्यात ‘बघू, अजून दोन फूट चढू दे’ हेच उत्तर मिळते. त्यांची समजूत कशी घालावी आणि आम्ही काय तयारी ठेवावी? (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : मामंजींचा अनुभव खोटा नाही, पण तो एकाच पुराचा आहे. 2005 मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या आसपास गेले आणि कृष्णाकाठच्या कित्येक घरांनी ‘यापेक्षा जास्त पाणी येत नाही’ अशी मनाची खात्री करून घेतली. 2019 मध्ये ते 57 फुटांच्या पलीकडे गेले. जुन्या खुणेवर भरवसा ठेवून थांबलेल्या माणसांना त्या तीन-चार फुटांनी माडीवर अडकवले. 2021 मध्ये नदीने पुन्हा 50 फूट ओलांडले. म्हणून ‘गेल्या वेळी कुठपर्यंत आले होते’ हा हिशेब सोडून ‘पाणी किती फुटांवर गेले की आपण निघायचे’ एवढेच ठरवावे, आणि तेही ऊन पडलेले असताना.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. हे आकडे सगळ्या शहरासाठी आहेत, आपल्या घराचा आकडा वेगळा असतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी किती फुटांना पाणी येते, हे जुन्या शेजाऱ्यांना आणि महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात विचारून घ्यावे. गल्लीचे तोंड बंद झाले की घर कोरडे असूनही वाट संपलेली असते. त्या आकड्याच्या निदान पाच फूट आधी सासूबाईंना हलवावे, असे आम्हाला वाटते. धडधाकट माणूस साचलेल्या गुडघाभर पाण्यातून चालत निघू शकतो, अंथरुणावरच्या रुग्णाला मात्र गाडी दारापर्यंत यावी लागते. पाणी रात्रीत त्या आकड्याला पोचेल अशी चिन्हे असतील, तर उजेड असतानाच निघावे. कोयना धरणातून सोडलेले पाणी सांगलीपर्यंत यायला बराच वेळ लागतो, हे कृष्णाकाठचे भाग्य आहे. विसर्ग वाढवल्याची बातमी आली की आपल्या हाती काही तास आहेत असे समजावे आणि ते पाणी बघत बसण्यात घालवू नयेत.

समजूत घालण्याबद्दल सांगायचे, तर भर पावसात वाद घालून वडीलधारी माणसे ऐकत नाहीत. मे महिन्यात एखाद्या निवांत संध्याकाळी मामंजींनाच विचारावे की, ‘सासूबाईंना कधी हलवायचे ते तुम्ही सांगा, आम्ही तसे लिहून ठेवतो.’ त्यांनी सांगितलेला आकडा त्यांच्याच हस्ताक्षरात दिनदर्शिकेवर असू द्यावा. पावसाळ्यात रोज सकाळी पुलाची पातळी बघून घरात सांगण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवावे. ज्या माणसाने आयुष्यभर नदी पाहिली आहे, त्याला ‘तुम्हाला कळत नाही’ असे ऐकवण्यापेक्षा त्याचा निर्णय त्यालाच पाळायला लावणे अधिक सन्मानाचे आहे. शिवाय नकाराचे खरे कारण पुष्कळदा पाणी नसते, मागे राहिलेल्या घरात चोरी होईल ही भीती असते. दागिने आणि मूळ कागद जूनच्या आधी बँकेच्या लॉकरमध्ये गेले, की हा नकार बराच मऊ होतो.

उशिरा निघणाऱ्यांच्या वाट्याला काय येते हे ब्रह्मनाळने दाखवून दिले आहे. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील त्या गावात माणसांनी भरलेली बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचा जीव गेला. त्यात बसलेल्यांचा दोष नव्हता. चारही बाजूंनी पाणी आल्यावर सगळ्या गावाला एखादीच बोट मिळते आणि ती आपल्याला सोडून जाईल या धास्तीने माणसे तिच्यात गर्दी करतात. बोटीची वेळ आलीच, तर लाइफ जॅकेट घालूनच बसावे आणि बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीसाठी थांबावे.

आता तयारीविषयी. सासूबाईंना निवारा केंद्रात जमिनीवरच्या अंथरुणात ठेवण्यापेक्षा उंचावरच्या भागातील एखाद्या नातेवाइकाचे घर आधीच ठरवावे आणि गाडीवाल्याशीही आताच बोलून ठेवावे. त्यांना जिन्यावरून खाली आणण्याची एकदा कोरड्या दिवशी तालीम करावी. हातांची मजबूत लाकडी खुर्ची घ्यावी, कमरेशी आणि छातीशी लुगड्याचा किंवा ओढणीचा पट्टा बांधावा, एकाने पाठीकडून आणि दुसऱ्याने पायांकडून खुर्ची धरावी. जिना अरुंद असेल तर खुर्ची वळणावर अडते. ते त्या रात्री कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. त्यांच्या पिशवीत पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, डायपर आणि कोरडे कपडे असावेत. इन्सुलिन चालू असेल, तर वापरातली बाटली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर थंड जागी चालते, मात्र तिच्यावरची सूचना एकदा वाचून घ्यावी. ऐनवेळी हमखास विसरतात त्या वस्तू म्हणजे चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र, कारण त्या रात्री उशाशी किंवा फडताळावर काढून ठेवलेल्या असतात. पिशवीच्या झाकणावर या तीन वस्तूंची चिठ्ठी चिकटवावी. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवाव्यात, शक्य ते कागद डिजिलॉकरमध्येही घ्यावेत. थोडी रोकड सुट्या नोटांत असावी, कारण वीज गेली की एटीएम आणि मोबाइलवरून पैसे देणे, दोन्ही बंद पडतात.

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेत खाली आमचे दुकान आणि वर घर आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात पाणी इतक्या झपाट्याने चढले की काहीच आवरता आले नाही. अशा वेळी बाहेर पडावे की वर थांबावे? वीज आणि गॅस यांचे काय करावे? (एक व्यापारी, चिपळूण)

उत्तर : वर सांगलीला जो सल्ला दिला, तो चिपळूणला जसाच्या तसा लागू होत नाही. वाशिष्ठी सह्याद्रीवरून थोड्याच अंतरात खाली येते. घाटात अतिवृष्टी झाली आणि त्याच वेळी दाभोळच्या खाडीत भरती असली, तर पाणी पुढे सरकत नाही आणि वाशिष्ठी व शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात तुंबते. म्हणून आपल्याकडे पर्जन्यमानाच्या इशाऱ्याबरोबर भरतीचे वेळापत्रकही पाहण्याची सवय हवी. लाल इशारा आणि रात्रीची मोठी भरती एकत्र आली, तर त्या संध्याकाळीच लहान मुलांना आणि वृद्धांना उंचावरच्या वस्तीत पाठवावे. पाणी रस्त्यावर वाहू लागल्यानंतर मात्र बाहेर पडू नये. पक्क्या इमारतीचा वरचा मजला हीच त्या वेळची सुरक्षित जागा. तेथे पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, विजेरी, शिट्टी आणि खिडकीतून हलवता येईल असे एखादे भडक रंगाचे कापड आधीपासून असावे. मातीची किंवा जुन्या जांभ्या दगडाची कच्ची इमारत असेल, तर हा सल्ला लागू नाही. तेथून आधीच निघायला हवे.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर घरातील तारांत वीज सोडतच राहतो. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेली इन्व्हर्टरची बॅटरी पाण्यात गेली आणि अंधारात कोणी त्या पाण्यात उतरले, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. मेन स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद करावा आणि त्याची जागा या वर्षीच माडीवर न्यावी. पाणी स्विचपर्यंत पोचले असेल किंवा आपले पाय ओले असतील, तर त्याला हात लावू नये, महावितरणला कळवून तो भागच बंद करून घ्यावा. पूर ओसरल्यावर भिंतीतल्या सॉकेटमध्ये गाळ बसलेला असतो. वायरमनने तपासल्याशिवाय ‘बघू तरी चालू होतो का’ म्हणून बटण दाबणे हा जिवाशी खेळ आहे.

गॅसचा भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो, हे पूर पाहिलेल्यांना ठाऊक आहे. तो रबरी नळीसकट वाहू लागला की नळी तुटते. पाणी येणार असे दिसताच रेग्युलेटर काढावा, सिलिंडरच्या तोंडावर प्लास्टिकचे झाकण घट्ट बसवावे आणि सिलिंडर शक्य असल्यास वर न्यावा, नाही तर खांबाला उभा बांधावा. घरी परतल्यावर गॅसचा वास आला, तर दिवा लावू नये आणि लागलेला दिवा बंदही करू नये, कारण दोन्हींत ठिणगी पडते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून वरच्या खिडकीबरोबर दारही सताड उघडावे, सगळ्यांनी बाहेर यावे आणि तेथून 1906 या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : माझा मुलगा रोज मोटारसायकलने कामाला जातो. वाटेत हिरण्यकेशीवरचा बंधारा आहे. ‘फूटभरच पाणी आहे’ म्हणत तो गाडी घालतो. खरोखर किती पाण्यापर्यंत धोका नसतो? (एक पालक, गडहिंग्लज तालुका)

उत्तर : वाहत्या पाण्यात असा सुरक्षित आकडा नाही. अर्धा फूट खोल पण वेगाचे पाणी उभ्या माणसाचे पाय उचलते, फूटभर पाणी लहान मोटार तरंगवते आणि दोन फुटांत मोठ्या गाड्याही वाहून जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून काल निभावले यावरून आज निभावेल असे ठरत नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे दिसत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला आणि अंधारात एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. तो मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल होता, बंधाऱ्याची काय कथा. मुलाच्या मालकांशी आपण स्वतः बोलावे आणि बंधारा पाण्याखाली असेल त्या दिवशी सुट्टी किंवा लांबच्या वाटेने उशिरा येण्याची मुभा मागून घ्यावी. पोराला खाडा पडण्याची भीती असते, म्हणून तो गाडी घालतो. ती भीती दूर झाल्याशिवाय नुसत्या उपदेशाचा उपयोग होणार नाही.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमची सहा जनावरे आहेत. त्यांना सोडून जायचे कसे? (एक शेतकरी)

उत्तर : सोडून जाऊ नये, आधी न्यावे. इशारा पातळीची बातमी येताच जनावरे उंचावरच्या गावातील पाहुण्यांकडे किंवा छावणीत हलवावीत आणि आठवडाभराची वैरण बरोबर द्यावी. जनावरे गेली की घरची माणसेही निघायला तयार होतात, हा या भागातला अनुभव आहे. प्रत्येक जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक आणि फोटो मोबाइलमध्ये असावा. पुढे पंचनामा करताना तोच उपयोगी पडतो. काहीच शक्य झाले नाही, तर निदान दावी सोडावीत. मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते, दावणीला बांधलेले जागीच बुडते.

प्रश्न : मी मस्कतला असतो, आईवडील करवीर तालुक्यात एकटे राहतात. पुरात त्यांचा फोन लागला नाही तर काय करावे? (एक वाचक, ओमान)

उत्तर : महाराष्ट्रात संकटाच्या वेळी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक आपले आईवडील फिरवू शकतात. परदेशातून 112 फिरवल्यास ते महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात लागणार नाहीत. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांकही जिल्ह्याबाहेरून तसाच लागत नाही. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाचा, तहसील कार्यालयाचा आणि पोलीस ठाण्याचा एसटीडी कोडसह पूर्ण क्रमांक, तसेच सरपंच, पोलीस पाटील आणि दोन शेजाऱ्यांचे मोबाइल आजच लिहून घ्यावेत. पूरक्षेत्राबाहेरचा, समजा पुण्यातला, एक नातेवाईक निरोपासाठी ठरवावा. आईवडिलांनी एकदाच त्याला कळवावे आणि बाकीच्यांनी त्याच्याकडेच चौकशी करावी, म्हणजे त्यांच्या फोनची बॅटरी दहा जणांना उत्तरे देण्यात संपणार नाही. फोन लागत नसला तरी साधा एसएमएस पुष्कळदा पोचतो. त्यात घराची खूण, माणसांची संख्या, कोणाला चालता येत नाही आणि पाणी कुठपर्यंत आले आहे, एवढे लिहावे. नियंत्रण कक्षाला हीच माहिती लागते. म्हणून असा मजकूर आईवडिलांच्या मोबाइलमध्ये आधीच तयार ठेवावा, म्हणजे त्यांना फक्त पाण्याची पातळी भरून तो पाठवता येईल.