टाइप नावाला की किमतीला?

प्रश्न : मी जावास्क्रिप्टमध्ये एका छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेचा इंटरप्रिटर (त्या भाषेतले प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम) लिहिला आहे. त्यातील सर्व व्हेरिएबल एका मॅपमध्ये नाव आणि किंमत अशा जोड्यांनी राहतात. आता 'पूर्णांक', 'दशांश' आणि 'मजकूर' हे टाइप, म्हणजे किमतींचे प्रकार, आणायचे आहेत. त्यांची तपासणी पार्सरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमची रचना वाचतानाच, करावी की प्रोग्रॅम चालताना?

उत्तर : एवढ्या लहान भाषेसाठी प्रोग्रॅम चालतानाची तपासणी पुरेशी आहे. मात्र त्याआधी टाइप कुठे साठवायचा, हे ठरवायला हवे. तो दोन ठिकाणी लागतो : व्हेरिएबलच्या नावाशी, कारण 'पूर्णांक वय = १८' ही घोषणा पुढच्या प्रत्येक ओळीला बांधून ठेवते; आणि प्रत्येक किमतीशी, कारण '(२ + ३.५) * ४' यातील कंसाच्या उत्तराला नावच नसते, तरी पुढच्या गुणाकाराला त्याचा टाइप कळावा लागतो.

किमतीचा टाइप जावास्क्रिप्टला विचारून चालणार नाही. तिच्या लेखी ५ आणि ५.० एकच, दोन्ही ६४ बिटांच्या दशांश रूपातच साठतात. म्हणून लेक्सर (प्रोग्रॅमच्या ओळींचे टोकन, म्हणजे सुटे शब्द, संख्या आणि चिन्हे, पाडणारा भाग) संख्या वाचतो त्याच क्षणी, दशांशचिन्ह आहे की नाही हे पाहून, टोकनवर टाइप लिहून ठेवावा. ती संधी पुन्हा येत नाही. शिवाय या रूपात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ मध्ये १ मिळवला तरी उत्तर तेच येते. पूर्णांक म्हणवणाऱ्या टाइपने असे वागू नये, म्हणून त्याच्यासाठी बिगइंट, म्हणजे जावास्क्रिप्टमधला मोठ्या पूर्णांकांचा वेगळा प्रकार, वापरावा, असे माझे ठाम मत आहे. बिगइंट आणि साधी संख्या यांची सरळ बेरीज जावास्क्रिप्ट करू देत नाही, त्यामुळे पूर्णांकाचे दशांशात रूपांतर कुठे होते, हे आपल्याला स्वतःच लिहावे लागेल, आणि ते चांगलेच आहे. भागाकाराचा नियमही आताच ठरवावा : -७ ला २ ने भागल्यास बिगइंट -३ देतो, तर पायथनचा पूर्णांकी भागाकार -४ देतो.

मॅपमध्ये आता नावापुढे टाइप आणि किंमत अशी दोन्ही ठेवावीत. नवी किंमत देताना आधी टाइप जुळतो का ते पाहावे आणि मग फक्त किंमत बदलावी. संपूर्ण नोंदच बदलली, तर घोषित टाइप नकळत पुसला जातो. टाइप न जुळल्यास 'ओळ ४ : वय हे पूर्णांक आहे, त्यात मजकूर ठेवता येत नाही' असा स्पष्ट संदेश द्यावा. त्यासाठी टोकनमध्ये ओळीचा क्रमांकही साठवावा लागेल.