किनाऱ्यालगत गंजलेली गिअरची सायकल दोन हजारांत कशी दुरुस्त करावी?

तुमची २६ इंची, २१ गिअरची माउंटन बाइक गुहागरला पडवीत चार पावसाळे उभी होती. आता चढावर तिची चेन उडते, मागचा ब्रेक धरत नाही आणि पुढचे सस्पेन्शन जाम झाले आहे. दुकानदाराने चेन, फ्रीव्हील (मागच्या दातेरी चाकांचा संच), दोन्ही डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारे भाग) आणि नवा फोर्क (पुढचे चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा) असा सहा-सात हजारांचा हिशेब सांगितला, तुमच्या हाती मात्र दोनच हजार आहेत. तेव्हा आधी काय बदलावे, असे तुम्ही विचारले आहे. मी रत्नागिरीत राहतो आणि अशाच सायकलवरून भाट्याच्या पुलापलीकडे कामाला जातो, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने सायकलचे काय होते ते मला चांगले ठाऊक आहे. मोजल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये, आणि डिरेलरवर संशय घेण्याआधी केबलवर घ्यावा, असे माझे मत आहे.

केबलपासून सुरुवात करण्याचे कारण असे की, आपल्याकडे ‘गिअर गेले’ अशी जी तक्रार असते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा गंजलेली तार असते. मागच्या डिरेलरजवळ केबलच्या कव्हरचा जो शेवटचा वळसा असतो, त्यात पावसाचे पाणी उतरते आणि तिथेच साचून राहते. तार ढिली करून तेवढा तुकडा ओढून पाहिलात, तर चहाच्या भुकटीसारखा तपकिरी चुरा बाहेर पडेल. तपासण्याची सोपी रीत सांगतो. गिअर मागच्या मोठ्या दातेरी चाकाकडे नेताना आपण अंगठ्याच्या जोराने तार खेचतो, पण लहान चाकाकडे येताना ती फक्त डिरेलरच्या स्प्रिंगने परत जायची असते. म्हणून मोठ्या चाकाकडे गिअर नीट जात असेल आणि लहान चाकाकडे उशिरा किंवा अडखळत येत असेल, तर दोष तारेचाच समजावा. तार सोडल्यावर डिरेलर हाताने आत ढकलून सोडला आणि तो झटकन परत आला, तर तो बदलण्याचे काहीच कारण नाही. सांध्यांत दोन थेंब तेल घाला आणि दोन्ही छोटी दातेरी चाके काढून स्वच्छ करा, एवढे पुरे. तार आणि कव्हर दोन्ही नवीन घ्या, कारण जुन्या कव्हरात नवी तार घालणे म्हणजे तिला पुन्हा गंजात ठेवणे होय. दुकानात मात्र एक गोष्ट ठामपणे सांगा: गिअरचे कव्हर ४ मिमीचे आणि ब्रेकचे ५ मिमीचे असते, आणि गिअरचे कव्हर ब्रेकला कधीही लावू नये. त्यातल्या तारा उभ्या असतात, त्यामुळे ब्रेकच्या जोराने ते फाटू शकते.

आता चेन. वरवरचा तांबडा गंज दिसला म्हणजे चेन संपली असे होत नाही, आणि चकचकीत चेनही झिजलेली असू शकते. स्टीलची फूटपट्टी घ्या, तिची शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरा आणि १२ पूर्ण जोड मोजा, म्हणजे आतली आणि बाहेरची पट्टी मिळून एक जोड. नव्या चेनमध्ये तेराव्या जोडाची पहिली पीन बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिमीवर येते. ती पट्टीवर १/१६ इंच पुढे गेली असेल, तर फक्त चेन बदलावी, फ्रीव्हील वाचते. १/८ इंच किंवा त्याहून पुढे गेली असेल, तर फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असणार. अशा वेळी एकटी नवी चेन घातली तर ती जोर लावल्यावर आणखीच उडेल, म्हणून दोन्ही एकदम घ्यावे लागते. चेन सगळ्या गिअरमध्ये उडते की नेहमीच्या एक-दोनच गिअरमध्ये, हेही पाहा, कारण एक-दोनच गिअरमध्ये उडत असेल तर तेवढ्या चाकांचे दाते गेलेले असतात. आपल्या सड्यावरची जांभ्याची तांबडी धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून इथली चेन वेळेत बदलणे हीच फ्रीव्हील वाचवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

२१ गिअरच्या सायकलला मागे ७ दातेरी चाके असतात आणि तिला ६-७-८ स्पीडची चेन चालते, महागडी अरुंद चेन घेऊ नका. नवी चेन कापताना जुनीशेजारी धरून लांबी जुळवू नये, कारण जुनी ताणलेली असते. दोन्हींचे जोड मोजून संख्या जुळवावी. फ्रीव्हील काढायला खाचांत बसणारा खास पाना लागतो. दुकानात तो नसेल तर मागवून घ्या, आणि मोटार गॅरेजमधल्या वाइसमध्ये पाना घट्ट धरून त्यावर चाक ठेवून दोन्ही हातांनी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा; पायडल मारून मारून आवळलेले फ्रीव्हील नुसत्या हातपान्याला सहसा दाद देत नाही. बसवताना आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय बसवू नका, नाहीतर पुढच्या वेळी निघणारच नाही.

मागच्या ब्रेकवर बहुधा पैसा खर्च करावा लागणार नाही. व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे, दोन्ही हात ज्या खुंट्यांवर फिरतात त्या गंजून जाम होतात. एकेक बोल्ट काढून हात बाहेर घ्या, खुंटी बारीक पॉलिश पेपरने घासा आणि ग्रीस लावून परत बसवा. रबराच्या शूवर रुतलेले खडीचे आणि ॲल्युमिनियमचे कण सुईने टोकरून काढा. शूवरची झिजेची रेघ पुसली असेल तरच नवे घ्या. रिमच्या कडेवरून बोट फिरवून ती आत दबली आहे का, हेही पाहा. खोल वाटत असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून रिमचा विचार करावा, कारण झिजलेली कड हवेच्या दाबाने फुटते, आणि उतारावर फुटली तर माणूस वाचवायचा असतो, पैसे नव्हेत.

सस्पेन्शन फोर्कवर एक रुपयाही घालू नये. या किमतीच्या सायकलींचा स्प्रिंगचा फोर्क दुरुस्त करणे परवडत नाही, आणि तो जाम असला तरी रस्त्यावर सायकल चालतेच. फक्त हँडल ज्या बेअरिंगवर फिरते ते ढिले नाही ना, एवढे पाहा. पुढच्या डिरेलरबद्दलही माझे मत असेच आहे. चेन तशीही उघडायचीच आहे, तेव्हा तो काढून ठेवा, चेन पुढच्या तीन दातेरी चाकांतल्या मधल्या चाकावर राहू द्या आणि घाटासारखा चढ आला तर उतरून हाताने लहान चाकावर टाका.

उरलेल्या पैशांतून हबचे, म्हणजे चाकाच्या मध्यातल्या नळीचे, छर्रे बदला. मागच्या हबमध्ये बहुधा पाव इंची आणि पुढच्यात ३/१६ इंची छर्रे असतात, तरी जुना छर्रा हातात घेऊनच दुकानात जावे. सीटची दांडी आत्ताच एकदा उपसून ग्रीस लावा, कारण खाऱ्या हवेत स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असे धरतात की पुढे करवतीशिवाय निघत नाहीत. चेन डिझेलने धुऊन पूर्ण वाळू द्या आणि मग प्रत्येक जोडावर एकेक थेंब तेल घाला. डिझेल रिमला किंवा ब्रेकच्या शूला लागू देऊ नका. घरातले खोबरेल मात्र चेनला नको, ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होऊन धूळ धरते.

यातूनही डिरेलर मोडकाच निघाला, तर नवा घेण्याआधी वाडीत चौकशी करा. मुंबईकरांच्या मुलांसाठी मे महिन्यात घेतलेली आणि जूनपासून मांगरात पडून असलेली गिअरची सायकल जवळपास प्रत्येक वाडीत एखादी तरी असतेच, आणि तिचा मालक बहुधा सगळी सायकलच घेऊन जा म्हणतो. तिचे फ्रीव्हील ७ चाकांचे आहे ना, एवढे मोजून घ्या.