विकिरण नमुन्यावर करत नाहीत, नमुना करतो

आर्वीच्या एका बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: 'लघुकोन क्ष-किरण विकिरणात कापसाच्या नमुन्यावर विकिरण करतात, मग तो किरणोत्सारी होतो का? आणि विकिरण बरोबर की प्रकीर्णन?'

होत नाही. हा घोळ नेहमीचाच. आपल्या शालेय पुस्तकांत रेडिएशन म्हणजे प्रारण आणि स्कॅटरिंग म्हणजे विकिरण. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन. विदर्भाला हिंदीचा शेजार, त्यामुळे शब्द मराठीचा आणि अर्थ पलीकडचा, अशी खिचडी रोज कानावर पडते. क्रियापदही चुकलंच. आपण नुसते क्ष-किरण सोडतो. विकिरण नमुना करतो, म्हणजे ते किरण मूळ वाटेपासून वळवून विखुरतो.

तांब्याचं लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीतून निघालेल्या किरणांची तरंगलांबी 0.154 नॅनोमीटर. किरण किती वळले ते मोजायचे कोन साधारण 5 अंशांच्या आतले, त्यातून 1 ते 100 नॅनोमीटरची रचना कळते. वस्तू जितकी मोठी तितका कोन लहान. म्हणूनच पंचाईत: हवी ती माहिती सरळ झोताला अगदी चिकटून असते. झोत टिकलीएवढ्या धातूच्या तुकड्यानं अडवतात. वाट निर्वात ठेवतात, कारण हवाही विकिरण करते. कापसाचे तंतू विंचरून समांतर ताणून लावले, तर चित्रात तंतूला आडवी रेघ उमटते. आतल्या बारीक लांबट पोकळ्या तंतूच्या दिशेनं पडलेल्या असतात म्हणून. तंतू वाकडेतिकडे लावले की रेघ फिसकटून गोल होते. तंतू ओला केला की पोकळ्यांत पाणी शिरतं आणि रेघ फिकी पडते, कारण सेल्युलोज आणि पाणी यांच्या घनतेत हवेइतका फरक नाही.

आता खरी गंमत. संस्कृत धातू कॄ, किरति: विखुरणे. तिफणीनं नव्हे, फोकून पेरणारा जे करतो ते. किरण त्यातलाच, आणि ऋग्वेदात त्याचा एक अर्थ बारीक धूळ! सूर्यानं उधळलेली ती धूळ म्हणजे किरण. उत्किरति वरून आपलं उकरणे. उकिरडाही उत्कर मधूनच आला, असं माझं ठाम मत. त्याला 'देशी', म्हणजे संस्कृतातून न आलेला, म्हणून हात झटकणाऱ्यांनी कोंबडी उकिरड्यावर काय करते ते एकदा पाहावं. संकरही याच घरचा: सम् + कॄ, म्हणजे विखरून एकत्र मिसळणं. तेव्हा नमुना संकरित पऱ्हाटीचा असेल तर संकर, किरण आणि विकिरण तिन्ही भाऊ एकाच यंत्रात भेटतात.

प्रकीर्णन? तेही कॄचंच. चालेल, पण एकाच प्रबंधात दोन्ही नकोत.