अंगणातला फड

प्रश्न : ताई, माझी मुलं दुसरीत आणि पाचवीत आहेत. सुट्टी लागली की मोबाईल हातातून सुटत नाही. घरामागे दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे, पण पारोळ्याचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. फार खर्च न करता त्यांना बाहेर काय करायला देऊ?
– एक आई, पारोळा

उत्तर : सकाळी सहा ते आठ ही वेळ धरा आणि त्या जागेत मुलांना बंधारा बांधू द्या. धुळे-साक्रीकडे पांझरेच्या काठचे शेतकरी शेकडो वर्षं फड पद्धतीनं पाणी वाटून घेत आले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायला पाटकरी. भूगोल शिकवताना मला नेहमी वाटायचं, हे फळ्यावर काढून दाखवायचं नाहीच, पोरांनी चिखलात करायचं.

वरच्या अंगाला दगड-मातीचा वीतभर बांध, खाली चार वाफे. उतार या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटं पुरे, नाहीतर बी वाहून जातं. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून दोन टोकांना धरली, की उतार पाचवीतल्या मुलालाही मोजता येतो. दगड उचलण्याआधी मात्र काठीनं हलवायचे. खाली विंचू असतो.

पाट कोरताना काळ्या मातीतल्या भेगा बुजवू नका. पहिल्या दिवशी बादलीभर पाणी सोडलं तरी ते भेगांतच गडप होईल, मुलं हिरमुसतील. होऊ द्या. ओली माती फुगते, भेगांचे काठ जवळ येतात, आणि दुसऱ्या सकाळी तेवढंच पाणी पुढच्या वाफ्यापर्यंत जातं. हे त्यांना स्वतःला दिसलं पाहिजे, तुम्ही आधी सांगू नका.

पाणी भाज्या-तांदूळ धुतलेलं चालेल. एका वाफ्यात रात्रभर भिजवलेले मूग, दुसऱ्यात मेथी, तिसऱ्यात धणे रगडून. मूग तीन-चार दिवसांत वर येतात, धणे आठ-दहा दिवस वाट बघायला लावतात. दुपारी वरून जुनी साडी बांधा. चौथा वाफा मुलांच्या मर्जीवर सोडा.

पाटकरी रोज आळीपाळीनं. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं नाही म्हणून भांडण होणारच. तेव्हा मध्ये पडू नका. वाटणीचा नियम त्यांनाच ठरवू द्या आणि भिंतीवर खडूनं लिहू द्या.