अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या खेड्यातला पहिला हिवाळा

अरे, घर गावाबाहेर घेतलंस ना, मग ऑक्टोबर संपायच्या आत स्नो टायर बसवून घे. चारही, पुढचे दोनच नकोत. ऑल-व्हील ड्राइव्हच्या (इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या यंत्रणेच्या) भरवशावर राहू नकोस; त्याने गाडी निघते, थांबत नाही! पूल रस्त्याच्या आधी गोठतात. नुसतं ओलं वाटणारं डांबर म्हणजे बऱ्याचदा पारदर्शक बर्फ. बर्फ वितळवायला टाकतात ते साधं मीठ उणे १० अंश सेल्सिअसखाली जवळपास निकामी, तिथे वाळू टाक. वीज गेली की बोअरचा पंपही बंद, म्हणून वादळाआधी बादल्या भर. आमच्याकडे एकदा दोन दिवस संडासात ओतायलाही पाणी नव्हतं. गाडी रुतली तर इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढ, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. आणि हो, फावडं डिकीत हवं, गॅरेजात नव्हे.